मालक हजर नाही

मी पोलीस नव्हते, हे आधी सांगते. आमच्या पेठ तालुक्यातल्या पाड्यावर अजून काही जणांना वाटतं, की भोयेची पोरगी नाशिकला पोलिसात होती. खरं म्हणजे मी मुलींच्या वसतिगृहात राहून सकाळच्या कॉलेजात बी.ए. करत होते, आणि दुपारी वाहतुकीच्या एका कचेरीत कंत्राटावर कॉम्प्युटरमध्ये नोंदी चढवत होते. कुंभमेळा होऊन गेला होता, त्यानंतरची ही दोन-तीन वर्षं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. त्यामुळे वर्गात काय आणि कचेरीत काय, मी फार जपून वागायचे. आपल्या हातून चूक झाली तर लोक म्हणतील, ही इथली नव्हेच. मला जी चूक सांगायची आहे, ती या जपण्यातूनच झाली.

पावतीचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चौकात मामा तुम्हाला अडवतो, बुक काढतो आणि पावती फाडतो. वाहतूक पोलिसाला आमच्याकडे सगळे मामाच म्हणतात. एका बुकात पन्नास पावत्या, आणि एका पावतीची तीन पानं. वरचं पांढरं पान तुमच्या हातात येतं, मधलं गुलाबी कचेरीत येतं, खालचं पिवळं बुकातच राहतं. पानांच्या मध्ये कार्बन घालायचा, पिवळ्या पानाखाली जाड पुठ्ठा सरकवायचा आणि मग लिहायचं. तुम्ही जागेवर दंड भरला तर गुलाबी पान हिशोबाच्या टेबलावर जातं आणि विषय संपतो. नाही भरला तर मामा लायसन ठेवून घेतो, आणि ते पान थकलेल्यांच्या गठ्ठ्यात पडतं.

ते थकलेले गठ्ठे माझ्या वाट्याला होते. दहा वर्षांपूर्वीपासूनची गुलाबी पानं, सुतळीने बांधलेली. एकेक पान काढायचं, गाडीचा नंबर, तारीख, ठिकाण, गुन्हा चढवायचा. एकदा चढलं की खिडकीवर कुणी नुसता नंबर सांगितला तरी क्षणात दिसायचं, कुठे अडवलं, कधी, काय बाकी आहे. लोकांना ती जादू वाटायची. पहिल्यांदा मलाही वाटली होती.

माझ्या टेबलामागे लायसनांचं कपाट होतं. ज्यांनी कधीच परत नेली नाहीत अशी लायसनं त्यात कप्प्या-कप्प्यांनी उभी लावलेली. प्रत्येकावर अंगठ्याच्या नखाएवढा फोटो. धूळ पुसायला कप्पा ओढला की शेकडो माणसं एकदम माझ्याकडे बघायची. सगळ्यांचे डोळे सरळ, कुणी हसत नाही. सुरुवातीला मी कप्पा लावताना मान दुसरीकडे करायचे. हे लोक एवढ्या वर्षांत परत का आले नसतील, हा विचार नको वाटायचा.

एक मात्र लायसन का नेत नाही ते मला माहीत होतं. लासलगावचा एक पिकअपवाला, कांदा वाहणारा. तो दर महिन्याला खिडकीवर यायचा, लायसन आहे ना एवढं बघायचा आणि न घेता जायचा. शेवटी मी विचारलं. तो म्हणाला, "राहू द्या ना ताई तुमच्याकडंच. लायसन नाय म्हटल्यावर शेठ इंदूरच्या फेरीला धाडत नाय. पोरगी तीन महिन्यांची हे घरी." आमचे पगारे हवालदार मागून म्हणाले, "इथं काय लॉकर उघडलंय का रे?" पण लायसन त्यांनीच सगळ्यात वरच्या कप्प्यात नीट ठेवलं होतं.

पगारे हवालदार रेकॉर्ड सांभाळायचे. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेले, तंबाखू सोडलेली, तोंडात सदा लवंग. मला बुक कसं भरायचं, गठ्ठा कसा बांधायचा हे त्यांनीच शिकवलं. जुन्या पानांवरचा कार्बन उडालेला असायचा. माझ्याआधी जो मुलगा हे काम करत होता तो अशा ठिकाणी सरळ 'नंबर नाही' टाकून पुढे जायचा. मला रिकामी जागा ठेवायची लाज वाटायची. मी पान घेऊन खिडकीत जायचे, उजेडाला तिरपं धरायचे, श्वास रोखून एकेक आकडा शोधायचे. कुणाला न दिसणारं मला दिसतं याचा मला अभिमान वाटायचा. पगारे हवालदार आल्या-गेल्याला सांगायचे, "लय वाचती ही पोरगी. कोऱ्या कागदावरचं पण वाचून काढील."

देवरेकाकू पहिल्यांदा आल्या तो बुधवार होता. लोडशेडिंग संपून पंखे नुकतेच फिरायला लागले होते. चाळिशी ओलांडलेली बाई, हातात प्लास्टिकची पिशवी, तीत कागदांची फाइल. इतर लोक खिडकीवर आले की आधी स्वतःची बाजू मांडतात, सिग्नल पिवळाच होता वगैरे. यांनी तसं काही केलं नाही. त्या म्हणाल्या, "मला 'नाही' असं लिहून हवंय."

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांचे यजमान एकलहऱ्याला वीज केंद्रात होते. घर नाशिक रोडला. सात वर्षांपूर्वी ते सकाळी ड्यूटीला म्हणून स्कूटर घेऊन निघाले ते परत आले नाहीत. ड्यूटीवरही पोचले नाहीत. माणूस नाही, स्कूटर नाही. सात वर्षं काहीच कळलं नाही तर कोर्ट त्या माणसाला मृत धरू शकतं. तसं झालं की त्यांच्या मुलीला, रूपालीला, वडलांच्या जागी अनुकंपावर नोकरीचा अर्ज करता येणार होता. त्याला वयाची आणि मुदतीची अट होती. वकिलांनी सांगितलं होतं, की या सात वर्षांत ही गाडी कुठे आढळली नाही असं जिथून जिथून मिळेल तिथून लिहून आणा.

मी नंबर विचारला. एमएच पंधराचा साधा नंबर, तो इथे देत नाही. त्यांनी तो न बघता सांगितला. मी टाकला.

पडद्यावर तीन ओळी आल्या.

पहिली, यजमान गेल्यानंतर दोन वर्षांनी. ठिकाण रविवार कारंजा. गुन्हा, रस्त्यात अडथळा. चालकाच्या नावाच्या जागी, 'मालक हजर नाही'. दुसरी काही महिन्यांनी, तिथेच. तिसरी आणखी काही महिन्यांनी, तिथेच. तिन्हींत मालक हजर नाही.

मला खूप आनंद झाला, हे लिहायला आता कसंतरी होतं. मला वाटलं, मी या बाईंना काहीतरी मोठं शोधून दिलं. मी म्हटलं, "काकू, गाडी आहे. गाडी दिसलीय." त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला.

मी गठ्ठे सोडून तिन्ही गुलाबी पानं काढली. ती मीच चढवली होती, मला आठवत होती. ठिकाण आणि गुन्हा ठळक होता, पण नंबर पुसट, जणू कुणी बोटाने हवेत लिहिलेला. तेवढंच नव्हतं. खाली, वाहनचालकाच्या सहीच्या चौकटीत, तशीच पुसट सही होती. चढवताना मी सहीकडे लक्ष दिलं नव्हतं, सही कॉम्प्युटरमध्ये जात नाही.

देवरेकाकूंनी पान हातात घेतलं. सहीवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. "ही ह्यांची सही आहे," त्या म्हणाल्या. पिशवीतून जुनं पासबुक काढून त्यांनी शेजारी धरलं. 'दे'ची मात्रा मागे खेचून सगळ्या नावावरून नेलेली. तीच होती.

दुसरं पान. तीच सही, जास्त पुसट. तिसरं पान मी नेहमीच्या सवयीने उजेडाला तिरपं धरून दाखवलं तेव्हाच दिसलं. त्यांनी तिन्ही पानं शेजारी मांडली. मग हळू म्हणाल्या, "हाताचा जोर गेलाय बघा. पहिल्यापेक्षा दुसऱ्यात कमी, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्यात. आजारी असतील."

पगारे हवालदार मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, पान बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मालक हजर नाही. अन् सही हाय."

मी घाईने म्हटलं, की नंतर कचेरीत येऊन केली असेल. रिकामी जागा ठेवायची मला सवयच नव्हती, प्रश्नातसुद्धा. पण माझं बोलून झालं आणि मलाच कळलं मी काय म्हणाले. सही नंतर केली असेल, तर तो माणूस याच खिडकीशी उभा राहिला होता. देवरेकाकू खिडकीपासून एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांनी आपण उभ्या होतो त्या जागेकडे बघितलं.

'नाही' असं पत्र आम्ही अर्थातच दिलं नाही. वकिलांनी सांगितलं, गाडी फिरते आहे म्हटल्यावर दावा टिकणार नाही, थांबा. दावा थांबला, रूपालीचा अर्जही थांबला.

देवरेकाकूंनी कॅलेंडरं काढून बघितलं, तर तिन्ही पावत्या बुधवारच्या निघाल्या. त्या दर बुधवारी नाशिक रोडहून बसने येऊन रविवार कारंजावर उभ्या राहू लागल्या. हारवाल्यांच्या रांगेच्या टोकाला, पांढऱ्या शेवंतीच्या ढिगाशेजारी. मी कॉलेज सुटल्यावर तिथूनच कचेरीत जायचे. त्या मला बघून मान हलवायच्या आणि पुन्हा रस्त्याकडे बघायच्या. चार वाजले की खिडकीवर यायच्या. "काही नवीन?" मी नंबर टाकायचे. त्याच तीन ओळी. मग त्या पानं मागायच्या, मी द्यायचे. सहीवरून त्या बोट फिरवायच्या. कधी माझ्यासाठी डबा असायचा, मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी. "वसतिगृहात काय खात असशील," म्हणायच्या. मी खायचे.

एका बुधवारी त्यांनी सांगितलं, की स्कूटर दिसली. राखाडीच होती. नंबर वाचायच्या आत मेन रोडला वळली. "मी हाक मारली. मान वळवली नाही त्यांनी. पण खांदा तसाच होता, डावा खाली."

त्यानंतर मलाही दिसू लागली. रस्त्याने चालताना राखाडी स्कूटर गेली की मी वळून नंबर बघायचे. दर वेळी एखादा आकडा जुळायचा, कधी दोन. चौकात तेव्हा आहेर नावाचे शिपाई उभे असायचे, सटाण्याकडचे, थट्टेखोर. ते एकदा मला म्हणाले, "त्या बाई अशा बघतात ना रस्त्याकडं, मलाबी वाटतं आता येईलच कोणी. परवा एका राखाडी स्कूटरला उगाच थांबवलं मी. काही गुन्हा नव्हता." ते हसले नाहीत.

असे आठ महिने गेले. मग एक दिवस, बुधवार नसताना, एक मुलगी खिडकीवर आली. माझ्याच वयाची. रूपाली. ती भांडायला आली असावी, पण मला बघून तिचा आवाज खाली आला. मी कुणीतरी मोठी बाई असेन असं तिला वाटलं होतं.

"आई बुधवारी सकाळी वडलांसाठी भाकरी करते," ती म्हणाली. "घरी घेऊन येईन म्हणते. संध्याकाळी ती भाकरी स्वतः खाते आणि मग पुढच्या बुधवारपर्यंत धड जेवत नाही. माझ्या अर्जाची मुदत दोन महिन्यांत संपतेय, ते जाऊ द्या. वडील मला हवेच आहेत ताई. पण तुमच्या या कॉम्प्युटरमुळे ते येतही नाहीत आणि जातही नाहीत."

मी नोंद बदलू शकत नाही, असं काहीतरी पुटपुटले. तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

मार्चअखेरीला कचेरीत दंड भरणाऱ्यांची रांग लागते. पावत्या लिहिणारे कारकून रजेवर गेले म्हणून पगारे हवालदारांनी मला खिडकीवर बसवलं. गर्दीत दर पावतीला कार्बन हलवत बसलं तर हात चालत नाही, म्हणून त्यांनी एक युक्ती शिकवली होती. पुढच्या तीन-चार पावत्यांत आधीच कार्बन घालून ठेवायचे. फक्त पुठ्ठा मात्र प्रत्येक वेळी पुढे सरकवायचा.

मी एका गृहस्थांची पावती लिहिली, पांढरं पान फाडून दिलं. त्यांच्यामागे एक लुनावाली बाई होती. तिच्या पावतीचं पांढरं पान स्वच्छ कोरं होतं. मी लिहायला पेन टेकवलं, आणि कार्बन वाकडा वाटला म्हणून वरचं पान उचललं. खालच्या गुलाबी पानावर आधीच नाव होतं. मघाच्या गृहस्थांचं. नंबर, सही, सगळं. पुठ्ठा सरकवायचा राहून गेला होता. वरच्या पांढऱ्या पानावर कार्बन नाही, म्हणून ते कोरं. खालच्या पानांवर कार्बन, म्हणून तिथे उमटलेलं. मी त्याच्या पुढची पावती उघडली. तिथेही होतं, जरा पुसट. त्याच्या पुढे आणखी पुसट.

लुनावाली बाई म्हणाली, "मॅडम, देताय ना?" मी दुसरं बुक ओढलं आणि त्यात तिची पावती लिहिली.

संध्याकाळी मी ते बुक आणि देवरेकाकूंची तीन गुलाबी पानं शेजारी ठेवून पगारे हवालदारांना दाखवली. त्यांनी लवंग चावायची थांबवली. मग म्हणाले, "पोरी, साहेबांपर्यंत गेलं तर तुझं कंत्राट जाईल." मी म्हटलं, माहीत आहे. "अन् पुठ्ठ्याचं बघायचं काम माझं होतं. तवाबी मीच होतो रेकॉर्डला," म्हणाले आणि किल्ल्या घेऊन उठले.

गुलाबी पानावर बुकाचा नंबर छापलेला असतो. दुसऱ्या दिवशी दुपारभर आम्ही रेकॉर्डच्या खोलीत गोण्या सोडत होतो. उंदरांनी कडा खाल्लेली बुकं, आत जुन्या पिवळ्या पानांचे थर. त्या खोलीत एकच झरोका होता. चार वाजता ते बुक सापडलं.

आमच्या तीन पावत्या त्यातल्या शेवटच्या तीन होत्या. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. मी सत्तेचाळीसचं पिवळं पान उघडलं.

तिथे सगळं ठळक होतं. नंबर, देवरे हे नाव, आणि मात्रा मागे खेचलेली ती सही, इतकी दाबून केलेली की कागदाला मागून उंचवटा आला होता. तारीख, ते घरातून गेले त्याच दिवसाची. वेळ सकाळची. गुन्हा, 'कागद जवळ नाहीत'. दंड जागेवर भरलेला, म्हणून गुलाबी पान हिशोबाकडे गेलेलं आणि माझ्या गठ्ठ्यात कधी आलेलंच नाही. ठिकाण, पेठ नाका.

मी ते ठिकाण पुन्हा वाचलं. एकलहरे शहराच्या आग्नेयेला. पेठ नाका वायव्येला, बरोबर उलट्या अंगाला. त्याच्यापुढे माझ्या गावचा रस्ता. माझी बस त्याच नाक्यावरून जाते, आणि मग घाट लागतो. तो रस्ता मला लहानपणापासून पाठ आहे. कुठे कठडा आहे आणि कुठे नाही, हेही.

आहेर शिपायांना मी चौकात जाऊन विचारलं. त्यांना बुक आठवत होतं. आधीचे मामा आजारी पडले म्हणून अर्धवट बुक कपाटात पडून होतं, ते दोन वर्षांनी आहेरांना दिलं. ते म्हणाले, "ते मी हातगाड्यांसाठी वेगळं ठेवेल होतं. हातगाडीले नंबर कुठं शे? बुधवारच्या बाजाराला गाड्या मध्येच लावायचे, मला बघून पळायचे. मग मी गाडी उचलायचो आणि लिहायचो, मालक हजर नाही." मग त्यांना काहीतरी उमगलं. त्यांनी हारवाल्यांच्या रांगेच्या टोकाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

त्या तिन्ही हातगाड्या होत्या. नंबराची चौकट कोरी होती, सहीची चौकट कोरी होती. कोऱ्या जागेत जे उमटलं होतं, ते मी वाचून काढलं होतं.

पुढच्या बुधवारी देवरेकाकू आल्या तेव्हा मी त्यांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. लोडशेडिंग होतं, खिडकीचाच काय तो उजेड. मी तयारी केली होती, पण बोलताना सगळं उलटसुलट झालं. आधी पुठ्ठा सांगितला, मग हातगाड्या, मग परत पुठ्ठा. त्या म्हणाल्या, "लिहून दाखव."

मी कोरं बुक घेतलं, कार्बन घातले, पुठ्ठा काढून ठेवला आणि माझं नाव लिहिलं. एकेक पान उघडलं. माझं नाव ठळक, मग पुसट, मग आणखी पुसट, मग उजेडाला धरल्यावर दिसेल इतकंच. देवरेकाकूंनी चारही पानं बघितली. मग मी सत्तेचाळीसचं पिवळं पान पुढे ठेवलं आणि म्हटलं, "काकू, माझी चूक झाली. खरी पावती एवढी एकच आहे."

त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "इथे जोर आहे," म्हणाल्या. ठिकाण वाचलं. मग गुन्हा वाचला. 'कागद जवळ नाहीत'. ओठ हलवत परत वाचला.

"कागद कपाटात होते," त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता. "लायसन, गाडीचे कागद, हातातलं घड्याळ. घडी केलेल्या शर्टावर नीट मांडून ठेवलेले. ड्यूटीला जाणारा माणूस घड्याळ काढून ठेवत नाही. मला तेव्हाच कळलं होतं. मी सगळं उचलून ट्रंकेच्या तळाशी टाकलं. पोलिसांना सांगितलं नाही. रूपालीलाही नाही. सात वर्षांनी धीर करून तुमच्याकडे आले, 'नाही' लिहून घ्यायला. तर तू म्हणालीस, आहे." मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. शर्ट, घड्याळ, सगळंच. आठ महिने मला तसं वाटलं."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. कुणी रागावलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पत्र द्यायचं तर आधी त्या तीन नोंदी काढायला हव्या होत्या. मी कारण लिहून सही केली, पगारे हवालदारांनी खाली स्वतःची केली आणि साहेबांची परवानगी घेऊन आले. ते आत किती वेळ उभे होते आणि काय ऐकून आले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझं कंत्राट पुढच्या वर्षी वाढवलं नाही. ते यामुळेच की नाही, मला माहीत नाही, आणि तसं असेल तर ते बरोबरच होतं.

वीज आली. पंखे फिरले. मी नंबर टाकला, तीन ओळी आल्या. पहिल्या ओळीवर जाऊन कळ दाबली, तर पडद्यावर विचारणा आली, नोंद पुसायची का. माझं बोट पुढे जाईना. देवरेकाकू खुर्चीवरून उठून माझ्याशेजारी आल्या.

"मी दाबू?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना कळ दाखवली. त्यांनी ती दाबली, दारावरची बेल दाबतात तशी, आणि थांबल्या. एक ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी बोट कळीवर नुसतं ठेवलं. बाहेर रांगेतलं कुणीतरी, किती वेळ लावताय, असं म्हणालं. पगारे हवालदारांनी जाऊन खिडकीचं दार लोटून घेतलं. मग ती ओळही गेली.

"परत टाक एकदा," त्या म्हणाल्या.

मी नंबर टाकला. या वेळी मध्ये एकच ओळ आली, 'या क्रमांकाची नोंद आढळली नाही'. त्यांनी आणखी एकदा टाकायला सांगितला. मी टाकला. त्या पडद्याजवळ वाकल्या आणि बोट न लावता एकेक शब्द वाचला.

"हे मात्र ठळक आलंय," त्या म्हणाल्या, आणि पत्रासाठी हात पुढे केला.